घाट कोणाला जोडतो?

शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही सर्व्हे ऑफ इंडियाचा एक नकाशा जमिनीवर पसरला होता. खोपोली आणि खंडाळा या दोन ठिकाणांमधले सरळ अंतर पट्टीने मोजायचे, एवढेच काम होते. अंतर भरले चार-साडेचार किलोमीटर. मापे घेणाऱ्या शिक्षिका म्हणाल्या, "एवढेच? मग मधला एवढा घाट कशासाठी?"

प्रश्न साधा होता, पण त्याने आमची सगळी दुपार खाल्ली. घाट वळणे का घेतो, हे भौतिकशास्त्र सांगते. तो नेमका इथेच का, हे भूगोल सांगतो. तो कोणी, कधी आणि कोणासाठी बांधला, हे मात्र इतिहासाला विचारावे लागते. पाठ्यपुस्तकात 'रस्ते लोकांना जोडतात' असे वाक्य हमखास असते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. कोणाला कोणाशी जोडतात, हे त्यात येत नाही. बोरघाटाच्या दोन हजार वर्षांच्या आधारे हा प्रश्न आपण तपासून पाहू.

भिंत आणि तिच्यातल्या फटी

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि थरांवर थर साचत गेले. त्यातून दख्खनचा पाषाण तयार झाला. इंग्रज भूवैज्ञानिकांनी त्याला 'ट्रॅप' म्हटले. हा शब्द 'जिना' या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. पावसाळ्यात लोहगडाकडे किंवा राजमाचीकडे दुरून पाहिले तर हा जिना स्पष्ट दिसतो. कठीण थराचा उभा कडा, त्याखाली मऊ थराचा उतार, पुन्हा कडा.

या जिन्याची पश्चिमेकडची बाजू एकदम तुटते. देशाचे पठार समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटरवर आणि कोकणपट्टी जवळजवळ समुद्राच्या पातळीला. पश्चिमेकडे उतरणारे ओढे लांबीने तोकडे आणि उताराने तीव्र असल्याने ते कड्याला मागे मागे कातरत जातात. पूर्वेकडच्या नद्या संथ असतात. लोणावळ्याजवळच कुरवंड्याच्या परिसरात इंद्रायणी उगम पावते आणि पूर्वेला वाहू लागते. तिथून थोड्याच अंतरावर राजमाचीच्या डोंगरात उल्हास नदी उगम पावून पश्चिमेला उतरते. पश्चिमेच्या ओढ्यांनी जिथे कड्याला खाच पाडली, तिथे माणसाला आणि जनावराला वाट सापडली. त्या वाटेलाच आपण घाट म्हणतो.

सह्याद्रीत अशा वाटा शेकडो आहेत. आज त्यांतल्या मोजक्याच वाटांवर डांबर आहे. बाकीच्या गुराखी, कातकरी, ठाकर, धनगर आणि गिर्यारोहक यांनाच ठाऊक आहेत. म्हणजे घाट निसर्गाने दिले असले, तरी त्यांतला कोणता 'मोठा' व्हावा हे माणसांनी ठरवले.

दगडावरची नोंद

जुन्नरहून कोकणात उतरणारा नाणेघाट आपल्याकडच्या सर्वांत जुन्या व्यापारी वाटांपैकी एक. घाटाच्या माथ्यावर खडकात खोदलेली एक लेणी आहे. तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत मोठा लेख कोरला आहे. सातवाहन राजघराण्याने केलेल्या यज्ञांची आणि त्या वेळी दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण अशा दक्षिणेची ती यादी आहे. अभ्यासक हा लेख नागनिका राणीशी जोडतात आणि त्याचा काळ साधारणपणे इसवी सनापूर्वीचे पहिले शतक मानतात. गणिताच्या शिक्षकांना यात आणखी एक गोष्ट सापडेल. या लेखातले अंक भारतातल्या अंकलेखनाच्या जुन्या पुराव्यांपैकी आहेत. त्यांत शून्य नाही आणि स्थानिक किंमतही नाही. दहा, शंभर, हजार यांच्यासाठी वेगवेगळी चिन्हे आहेत.

राजघराण्याने आपल्या दानाची यादी राजधानीत न कोरता एका खिंडीच्या तोंडाशी का कोरली? जाहिरात जिथे माणसांची वर्दळ असते तिथेच लावतात, हे त्याचे सरळ उत्तर. या वाटेने पैठण-जुन्नरचा माल कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जात होता. माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत असत, असे लोक सांगतात.

बोरघाटाच्या माथ्याजवळ कार्ले, भाजे आणि बेडसे ही लेणी आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातले दानलेख वाचले तर तिथे कोण कोण येत होते याची जणू हजेरीच मिळते. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा एक श्रेष्ठी आहे. धेनुकाकट नावाच्या गावचे यवन आहेत, तिथलाच एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, एक सुतारही आहे. सोपाऱ्याहून आलेला एक धर्मोपदेशक आहे. राजांबरोबरच कारागीर आणि व्यापारी दगडावर आपले नाव ठेवून गेले. वाट अरुंद होती, पण तिच्यावर पाऊल ठेवायला कोणाला मज्जाव नव्हता.

सत्तेपुढे मात्र वाटेचे काही चालत नसे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक वृत्तांतात कल्याण बंदराबद्दल एक नोंद आहे. राजकीय स्पर्धेमुळे तिथला व्यापार रोखला गेला होता आणि तिथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. घाट जागच्या जागीच होता, पण त्याच्या टोकाचे बंदर बंद झाल्यावर वाटेचा अर्थच बदलला.

वाट अवघड असण्यात काहींची सोयही असते. २ फेब्रुवारी १६६१ रोजी कारतलबखानाची फौज कोकणात उतरत असताना शिवाजी महाराजांनी तिला खोपोलीजवळच्या उंबरखिंडीत कोंडले आणि शरण आणले. संख्येपेक्षा वाटेची माहिती तिथे मोठी ठरली. घाटांच्या तोंडाशी राजमाची, लोहगड, जीवधन असे किल्ले उभे आहेत, ते याच कारणासाठी.

मुक्कामांची साखळी

या वाटांवरून माल वाहिला तो मुख्यतः बैलांच्या पाठीवरून. लमाण, वंजारी यांचे तांडे शेकडो, कधी हजारो बैल घेऊन चालत. कोकणातून मीठ, तांदूळ, नारळ, सुकी मासळी वर जाई. देशावरून ज्वारी, गहू, गूळ, तूप, कापूस खाली येई. त्यांतले मीठ सर्वांत महत्त्वाचे. देशावर पिकत नाही आणि त्यावाचून माणसाचे व गुराचे चालत नाही, अशी ती वस्तू. पेण-पनवेल-उरणच्या मिठागरांशी सोलापूर-नगरच्या चुलीचा संबंध लमाणाच्या बैलाने जोडला होता.

आता थोडा हिशेब करू. लादलेला बैल दिवसाला पंधरा-सोळा किलोमीटर चालतो असे धरू. पनवेल ते पुणे हे अंतर घाटाने सुमारे एकशे वीस किलोमीटर. म्हणजे सात-आठ मुक्काम. प्रत्येक मुक्कामाला पाणी हवे, वैरण हवी, नालबंद हवा, वाण्याचे दुकान हवे, रात्रीचा पहारा हवा. त्यामुळे वाटेवरच्या गावांना त्या वाहतुकीतून काही ना काही मिळत असे. नाना फडणविसांनी खोपोलीला बांधलेला तलाव आणि महादेवाचे देऊळ आजही आहे. घाट चढण्यापूर्वी माणसांना आणि जनावरांना पाणी मिळावे, ही त्यामागची गरज उघड आहे. वाटेची गती कमी होती म्हणूनच ती मधल्या गावांनाही जोडत होती. हा मुद्दा लक्षात ठेवू. पुढे तो उलटा होत जाणार आहे.

गाडी घाट का चढत नाही?

बैलाच्या पाठीवर साधारण शंभर-सव्वाशे किलो ओझे मावते. तेच दोन बैल गाडीला जुंपले तर सपाट रस्त्यावर ते पाचशे किलो माल सहज नेतात. कारण पाठीवरचे ओझे बैलाला पूर्ण तोलून धरावे लागते. गाडीत ते चाकांवर बसते आणि बैलाला फक्त घर्षणावर मात करावी लागते. मग दोन हजार वर्षे लोक गाडी सोडून पाठीवर का वाहत राहिले?

ठोकळ आकडे घेऊ. गाडी आणि माल मिळून ८०० किलो. कच्च्या रस्त्यावर चाकांचा अडथळा वजनाच्या विसाव्या भागाएवढा, म्हणजे ४० किलोभाराएवढी ओढ हवी. बैल दिवसभर स्वतःच्या वजनाच्या साधारण दहाव्या भागाएवढी ओढ देऊ शकतो. ३५० किलोच्या दोन बैलांची मिळून ७० किलोभार. सपाटीवर काम भागले. आता रस्ता विसास एक या प्रमाणात चढू लागला, म्हणजे वीस मीटर चालल्यावर एक मीटर चढ, तर वजनाचा विसावा भाग आणखी ओढावा लागतो. ४० अधिक ४०, एकूण ८०. बैल थांबत थांबत कसेबसे चढतील. दहास एक चढ असेल तर १२० लागतील. दुसरी जोडी जुंपावी लागेल. आणि पाऊलवाटेसारखा चारास एक चढ असेल तर २४०. तिथे गाडीचा विचारच सोडून द्यावा.

आता शिबिरातल्या त्या प्रश्नाकडे परत जाऊ. खोपोली ते खंडाळा सरळ अंतर चार-साडेचार किलोमीटर, चढ जवळजवळ पाचशे मीटर. म्हणजे सरळ गेलो तर सरासरी चढ नवास एक. तो विसास एक करायचा तर रस्ता दहा किलोमीटर लांब हवा. साडेचार किलोमीटरच्या जागेत दहा किलोमीटर रस्ता बसवायचा तर तो वळवावाच लागतो. घाटातले प्रत्येक वळण म्हणजे गाडीच्या चाकाला दिलेली सवलत असते.

पण ही सवलत फुकट मिळत नाही. कडा तासायचा, बाजूला भिंती बांधायच्या, पाण्याला मोऱ्या काढायच्या, दर पावसाळ्यानंतर दुरुस्ती करायची. एवढा खर्च करू शकणारी आणि त्याची गरज असणारी सत्ता आली, तेव्हाच गाडीरस्ता झाला.

१८३० आणि १८६३

पहिली गरज तोफांची होती. १८०४च्या सुमारास जनरल वेलस्लीने बोरघाटातून तोफा नेता येतील असा रस्ता करून घेतला. पेशवाई संपल्यानंतर व्यापार आणि कारभार यांसाठी तो अपुरा पडू लागला. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत चाकांच्या गाड्यांसाठी नवा रस्ता बांधला गेला आणि १० नोव्हेंबर १८३० रोजी तो खुला झाला. कोकण आणि दख्खन यांच्यामधली भिंत आता पडली, अशा आशयाचे उद्गार माल्कमने काढले होते. त्याच्या दृष्टीने ते खरेच होते. देशावरचा माल गाडीने पनवेल बंदरापर्यंत येऊ लागला आणि तिथून गलबताने मुंबईला.

तीस-पस्तीस वर्षांत आगगाडीने पुढचे पाऊल टाकले. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली. १८५६ साली रूळ खोपोलीपर्यंत आले आणि १८५८ साली खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला. मधला घाट मात्र प्रवाशांना रस्त्यानेच पार करावा लागे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फारच कमी घर्षणाने फिरते. हा त्याचा गुण, आणि चढावर हाच त्याचा दोष. बैलगाडीला विसास एक चढ चालला, पण आगगाडीला तो चालणार नव्हता. म्हणून पळसदरीपासून लोणावळ्यापर्यंत सुमारे साडेपंचवीस किलोमीटरचा मार्ग आखला गेला. एकूण चढ १,८३१ फूट, म्हणजे ५५८ मीटर. भागाकार करून पाहा: सरासरी शेहेचाळिसास एक. सर्वांत तीव्र जागी सदतिसास एक. पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल बांधावे लागले. एका ठिकाणी तर वळायलाच जागा नव्हती. तिथे गाडी थांबवून तिची दिशा उलटी करण्याचे स्थानक केले गेले आणि साठ-पासष्ट वर्षे गाड्या तिथे उलट्या फिरत राहिल्या. १८६३ साली हा मार्ग खुला झाला.

या कामाचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली याचे नाव इतिहासात आहे. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे येऊन काही दिवसांतच आजाराने वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका पुढे चालवला, हेही नोंदलेले आहे. पण १८६१च्या सुमारास या कड्यावर एकाच वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकीने आणि तापाने त्यांच्यातले किती गेले याची नावनिशी कोणी ठेवली नाही. मजुरी थकल्याने १८५९च्या सुरुवातीला मजुरांचा उद्रेकही झाला होता.

घाटात जुन्या रस्त्याच्या कडेला शिंगरोबाचे देऊळ आहे. येणारे-जाणारे वाहनचालक तिथे हात जोडतात, नाणे टाकतात. लोककथा अशी की शिंगरोबा नावाच्या धनगराने इंग्रज साहेबाला घाटाची वाट दाखवली आणि बक्षीस म्हणून देशाचे स्वातंत्र्य मागितले, तेव्हा साहेबाने त्याला गोळी घातली. ही तोंडी परंपरा आहे आणि ती तशीच वाचावी. पण तिचा गाभा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. ज्यांना डोंगर ठाऊक होता त्यांच्या ज्ञानावर रस्ता उभा राहिला, आणि नाव दुसऱ्याचे झाले, ही जाणीव लोकांनी देवळाच्या रूपाने जपली आहे.

जोडले कोण, तुटले कोण?

आगगाडीने जे जोडले ते मोठेच होते. देशावरचा कापूस पावसात न भिजता मुंबईला पोचू लागला. सातारा-पुण्याकडची माणसे गिरण्यांत आली आणि कोकणातून बोटीने आलेल्यांच्या शेजारी साच्यावर उभी राहिली. 'घाटी' आणि 'कोकणी' हे शब्द चाळींमध्ये एकमेकांना चिडवण्यासाठी वापरले गेले, पण तीच माणसे संपाच्या वेळी एकत्रही आली. वर्तमानपत्रे, पुस्तके, नाटक कंपन्या, सभांचे वक्ते हे सारे घाट ओलांडून जाऊ-येऊ लागले. एकोणिसाव्या शतकातले मुंबई-पुण्याचे सार्वजनिक जीवन या रुळांशिवाय कल्पिता येत नाही.

पण ज्या वाटेने हे जोडले तिनेच काही तोडलेही. मुख्य मार्ग कल्याण-कर्जतवरून गेल्यामुळे पनवेल बंदराचे महत्त्व घटले. काही वर्षे मार्गाचे टोक असलेली खोपोली एका फाट्यावर राहिली आणि कर्जत पुढे आले. खोपोलीला पुन्हा दिवस आले ते १९१५ साली. घाटमाथ्यावर साठवलेले पाणी नळांतून खाली सोडून टाटांनी तिथे वीज निर्माण केली आणि मुंबईच्या गिरण्यांना दिली. ज्या चढाने गाड्या अडवल्या, त्याच उंचीने जनित्रे फिरवली.

सर्वांत मोठा घाव बसला तो तांड्यांवर. रूळ जिथे जिथे पोचले तिथे तिथे बैलाच्या पाठीवरचा धंदा बसला. पिढ्यानपिढ्या देशभर मीठ आणि धान्य पोचवणारे बंजारे रिकाम्या हातांनी फिरू लागले. १८७१ साली सुरू झालेला गुन्हेगार जमातींचा कायदा पुढे मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि त्याखाली अनेक भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का बसला. महाराष्ट्रातल्या विमुक्त जमातींच्या आजच्या यादीत बंजारा आहेत आणि वडारही आहेत. वडार म्हणजे दगड फोडणारे, माती काढणारे, ज्यांच्या हातांशिवाय रस्ता आणि रूळ दोन्ही अशक्य. वाट चालवणारे आणि वाट बांधणारे, दोघेही एकाच यादीत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा शिक्का कायद्याने पुसला गेला. समाजाच्या मनातून तो पुसायला अजून किती वेळ लागेल, हे तुमच्या वर्गातल्या त्या मुलांना विचारावे लागेल.

वेगाचा रस्ता आणि कडेची वाडी

२००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाला. लांबी ९४.५ किलोमीटर, सहा पदरी, घाटात बोगदे. आठ मुक्कामांचा प्रवास दोन-अडीच तासांवर आला. या मार्गावर पादचारी, बैलगाडी, तीनचाकी आणि दुचाकी यांना बंदी आहे. वेगाच्या आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ती योग्यच आहे. पण तिचा अर्थही समजून घ्यावा. हा रस्ता दोन टोके उत्तम जोडतो. मधल्या गावाला तो ओलांडायचा असेल तर भुयारी वाट किंवा पूल शोधावा लागतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकर आदिवासींची ही वाडी. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या चौक गावापासून ती फार दूर नाही. रोज हजारो गाड्या या डोंगराकडे पाहत जातात. पण वाडीला जाणारा मोटाररस्ता नव्हता. बचावपथके पावसात आणि चिखलात डोंगर चढून गेली. माती उपसणारी यंत्रे वर नेता आली नाहीत, कुदळ-फावड्यांनी काम करावे लागले. २७ मृतदेह मिळाले. ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवला गेला.

याच्या शेजारी आणखी एक घटना ठेवून पाहू. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. ही बातमी बाहेर आली ती एका एस.टी. चालकामुळे. तो नेहमीप्रमाणे गाडी घेऊन आला तेव्हा त्याला गाव दिसलेच नाही. दरड रस्त्याने थांबली नसती. उलट उतार बेपर्वाईने तासून केलेला रस्ता दरडीला आमंत्रणच देतो. बेसाल्टच्या थरांमध्ये मऊ, लालसर थर असतात, घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि पायथा कापलेला उतार पाण्याने जड झाला की घसरतो. जुलै २०१५ मध्ये द्रुतगती मार्गावरच आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळली, तेव्हा हे सर्वांनी पाहिले. मुद्दा असा की दिवसातून एकदा येणारी एस.टी. हीदेखील एक प्रकारची जोडणीच आहे. कोणीतरी रोज तुमच्या गावाकडे पाहायला येते, हा तिचा अर्थ.

म्हणून रस्त्याला दोन मापे लावावीत असे आम्हाला वाटते. त्याचा वेग किती, हे पहिले. त्यावर कुठे कुठे पाऊल ठेवता येते, हे दुसरे. गेल्या दोनशे वर्षांत बोरघाट पहिल्या मापात वाढत गेला आणि दुसऱ्या मापात आकसत गेला. एक मिळवायचे तर दुसरे सोडलेच पाहिजे, असा काही निसर्गनियम नाही. द्रुतगती मार्ग असतानाही वाडीची वाट होऊ शकते. तिचा खर्च हिशेबात धरायचा की नाही, हा निवडीचा प्रश्न आहे.

वर्गात करून पाहण्यासारखे

एक फळी, एक खेळण्यातली गाडी आणि एक ताणकाटा घ्या. फळीचे एक टोक विटांनी उचलून विसास एक, दहास एक, पाचास एक असे चढ करा आणि गाडी ओढायला किती जोर लागतो ते नोंदवा. नंतर शाळेजवळच्या एखाद्या चढावर पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि दोन काठ्या घेऊन खरा चढ मोजा. गवंडी पातळी जुळवतात त्याच पद्धतीने हे करता येते. आठवी-नववीची मुले ते तासाभरात करतात.

दुसरे काम कागद-पेन्सिलीचे. आपल्या गावाचा बाजार पन्नास वर्षांपूर्वी कोणता होता, तिथे कोणत्या वाटेने जात, वाटेत कुठे थांबत, हे आजी-आजोबांना विचारून नकाशावर काढायचे. त्याच कागदावर आजचा रस्ता दुसऱ्या रंगाने काढायचा. जुन्या वाटेवरची जी गावे नव्या रेघेवर आली नाहीत, त्यांची यादी करायची आणि त्या गावांतले एखादे मूल आपल्या शाळेत येते का, ते पाहायचे. येत असेल तर ते कसे येते, किती वाजता निघते आणि पावसाळ्यात किती दिवस गैरहजर असते, हे हजेरीपटावरून काढता येईल. शिबिरातल्या शिक्षिकांनी हा प्रयोग आपल्या शाळेत केला. त्यांनी आम्हाला पाठवलेल्या नकाशावर दोन रंगांच्या रेघा होत्या आणि एका वाडीभोवती मुलांनी पेन्सिलीने गोल काढला होता. त्या गोलापाशी कुठलीच रेघ पोचत नव्हती.